‘कुत्र्याला ट्रेकवर पाण्याची काळजी नको’ म्हणणाऱ्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

ट्रेकिंगच्या ग्रुपांवर एक मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. थोडक्यात तो असा: कुत्र्याला तहान लागली की तो स्वतः मागतो, देशी कुत्रा तर अजिबात अडत नाही. गडावर टाकी आणि वाटेत ओढे असतात, त्यामुळे वेगळं पाणी वाहू नका. पावसाळ्यात तर प्रश्नच नाही. नाक ओलं असेल तर कुत्रा ठीक आहे. चालताना जास्त पाणी पाजलं तर पोट फुगून कुत्रा दगावतो. थकला तर इलेक्ट्रॉल द्या. आणि ऊन लागलं तर गार पाणी ओतू नका, शॉक बसतो.

यातल्या दोन-तीन गोष्टींत तथ्याचा अंश आहे, म्हणूनच लोक विश्वास ठेवतात. पण मेसेज जसाच्या तसा पाळला तर मार्च-एप्रिलच्या उन्हात कुत्रा जिवाला मुकू शकतो. म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

‘तहान लागली की मागतोच’

घरात मागतो, वाटेवर मागेलच असं नाही. नवे वास, सोबतची माणसं, पुढे पळायची घाई यात कुत्रा पाण्याकडे दुर्लक्ष करतो, आणि मालक थांबत नाही तोवर तोही थांबत नाही. दरम्यान पाणी सतत जात असतं. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, पंजांच्या गाद्यांना येतो तो नावापुरता. त्याचं शरीर मुख्यतः धापा टाकून गार होतं. जिभेवरून, तोंडातून, श्वासनलिकेतून पाण्याची वाफ होते आणि उष्णता घेऊन जाते. चढावर तासभर धापा टाकणं म्हणजे तासभर पाणी उडवत राहणं.

देशी कुत्र्याबद्दलचा समज गडावरच्या कुत्र्यांकडे बघून झाला असावा. ती कुत्री दुपारी कातळाच्या सावलीत झोपतात, कुठलं टाकं कधी आटतं हे त्यांना माहीत असतं आणि दमली की आपल्या मर्जीने बसतात. तुमच्या पट्ट्याला बांधलेल्या कुत्र्याला यातलं काहीच करता येत नाही. आखूड केस आणि सडपातळ बांधा यांमुळे देशी कुत्रा हस्कीपेक्षा उन्हात बरा टिकतो, हे खरं. पण पाण्याचं गणित त्यालाही चुकत नाही. पग, शिह-त्झू, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना मोठ्या ट्रेकला नेऊच नये. त्यांना धापा टाकूनही पुरेसं गार होता येत नाही.

आता गणित. विश्रांतीत कुत्र्याला दिवसाला किलोमागे साधारण 50 ते 60 मिली पाणी लागतं. ट्रेकच्या दिवशी याच्या दुप्पट-तिप्पट धरा. 20 किलोच्या कुत्र्याला एरवी लिटर-सव्वा लिटर पुरतं, तिथे त्या दिवशी अडीच-तीन लिटर लागेल. त्यातलं काही सकाळी निघण्यापूर्वी आणि संध्याकाळी उतरल्यावर पोटात जाईल. सहा तासांच्या वाटेवर पिण्यासाठी दोन लिटर आणि अंग भिजवायला वेगळं एक लिटर, असं तीन लिटर त्याच्या नावाचं हवं. तुमचं पाणी वेगळं.

हे ओझं कुत्र्याच्याच पाठपिशवीत टाकावं, असंही सुचवलं जातं. सवय नसलेल्या कुत्र्यावर वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त भार नको, म्हणजे 20 किलोच्या कुत्र्यावर दोन किलो. पिण्याच्या पाण्यातच ती मर्यादा संपली. वर पाठीवरच्या पिशवीमुळे उष्णता कोंडते आणि अर्धवट भरलेल्या बाटल्या चालताना हिंदकळून तोल घालवतात. उन्हाळ्यात पाणी माणसाच्या पाठीवरच हवं. तेवढं पेलणार नसेल तर ट्रेक लहान करा.

पाजायची पद्धत अशी: निघण्याच्या दोन-तीन तास आधी थोडंसं खाणं, तेही पाण्यात भिजवलेलं. कोरड्या खाद्यात पाणी जेमतेम दहा टक्के असतं, त्यामुळे ते कोरडंच दिलं तर पचवायलाही शरीरातलंच पाणी लागतं. अर्धा तास आधी एक वाटी पाणी. वाटेवर दर 20-30 मिनिटांनी सावलीत थांबून 100 ते 150 मिली (हे 20 किलोच्या कुत्र्यासाठी, लहान असेल तर त्या मानाने कमी). घडी घालता येणारं सिलिकॉनचं भांडं खोलगट असावं. कुत्रा जिभेचं टोक मागे वळवून पाणी वर खेचतो, त्यामुळे पसरट ताटलीत निम्मं पाणी बाहेर सांडतं. उरलेलं पाणी फेकू नका, वेगळ्या बाटलीत ओता, अंग भिजवायला कामाला येतं. बाटली तोंडात धरून पिचकारी मारू नका. धाप लागलेल्या कुत्र्याच्या श्वासनलिकेत पाणी जाऊ शकतं. पीतच नसेल तर वाटीभर पाण्यात चमचाभर बिनमिठाचं ताक किंवा चिकन उकडलेलं पाणी घाला. त्या पाण्यात मीठ, कांदा, लसूण काही नको, कांदा-लसूण कुत्र्याला विषारी आहे.

माथ्यावर पोहोचाल तेव्हा निम्म्याहून जास्त पाणी शिल्लक असलं पाहिजे. उतरताना डोक्यावर दुपार असते, कातळ तापलेला असतो, आणि ‘आता काय, उतरायचंच आहे’ म्हणून थांबणं कमी होतं. कुत्रा कोसळतो तो बरेचदा याच टप्प्यात.

‘गडावर टाकी आहेत, ओढे आहेत’

डिसेंबरात असतात. फेब्रुवारीनंतर सह्याद्रीतले बहुतेक ओढे दगडगोटे होतात आणि बऱ्याच टाक्यांच्या तळाशी हिरवं पाणी उरतं. ते हिरवं पाणीच जास्त धोक्याचं. साचलेल्या, तापलेल्या पाण्यावर रंग सांडल्यासारखा हिरवा-निळसर तवंग दिसला तर ते नीलहरित शैवाल असू शकतं. त्याच्या काही जातींचं विष यकृतावर किंवा मज्जासंस्थेवर घाला घालतं आणि कुत्रा काही तासांत जाऊ शकतो. उकळून, गाळून किंवा क्लोरीन टाकून हे विष जाईल असा भरवसा धरता येत नाही. अशा पाण्यात कुत्र्याला पोहूही देऊ नका, कारण बाहेर आल्यावर तो अंग चाटतो.

दुसरा धोका लेप्टोस्पायरोसिसचा. उंदीर आणि गुरांच्या मुतातून हे जंतू साचलेल्या पाण्यात आणि चिखलात येतात. कोकणात आणि मुंबईत दर पावसाळ्यात माणसांनाही याची लागण होते, आणि आजारी कुत्र्याच्या लघवीतून ती घरातल्यांपर्यंत पोहोचू शकते. कुत्र्याच्या लशीच्या कार्डावर ‘एल’ किंवा लेप्टो लिहिलंय का, हे ट्रेकच्या महिनाभर आधी तपासा. सुरुवातीला काही आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात, पुढे दरवर्षी एक. लस सगळ्या उपप्रकारांपासून वाचवत नाही, म्हणून पाणीही जपूनच द्यायचं. लेप्टोचे जंतू इतके बारीक असतात की काही फिल्टरांतूनही निसटतात. स्वच्छ दिसणारं पाणी घ्यावं लागलंच तर ते फडक्याने गाळा, पाकिटावरच्या प्रमाणात क्लोरीनची गोळी टाका आणि अर्धा तास थांबा. गढूळ पाण्यात क्लोरीन नीट काम करत नाही, म्हणून आधी निवळू द्या.

शिवाय पिण्याच्या टाक्यात कुत्र्याचं तोंड किंवा पाय जाता कामा नये. सिंहगडाचं देवटाकं असो की एखाद्या आडगडावरचं अनाम टाकं, माणसं ते पाणी पितात. भांड्यात काढून दहा पावलं बाजूला नेऊन पाजा. आणि कळसूबाई-हरिश्चंद्रगडासारख्या अभयारण्याच्या हद्दीत कुत्रा नेण्याआधी वनखात्याला विचारा. तिथल्या पाणवठ्यांवर पहिला हक्क जंगली जनावरांचा आहे.

‘पावसाळ्यात प्रश्नच नाही’

कुत्रा धापा टाकून गार होतो ते बाष्पीभवनामुळे. हवा आधीच दमट असेल तर जिभेवरची वाफ उडत नाही. मग तो आणखी जोरात धापा टाकतो, म्हणजे श्वासाच्या स्नायूंची उष्णता वाढते आणि गारवा मात्र मिळत नाही. जूनमध्ये पाऊस उघडल्यावर वारा पडलेल्या झाडीतल्या चढावर कुत्रा 28 अंशांतही तापू शकतो. पाणी थोडं कमी न्या हवं तर, पण न्याच, आणि थांबे वाढवा.

‘नाक ओलं म्हणजे ठीक’

नाक ओलं राहतं ते नाकातल्या स्रावामुळे आणि कुत्रा ते चाटत असतो म्हणून. निजून उठलेल्या धडधाकट कुत्र्याचं नाक बरेचदा कोरडं असतं. बघायच्या त्या हिरड्या: बोट लावल्यावर त्या ओल्या आणि गुळगुळीत लागायला हव्यात. चिकट लागल्या तर पाणी कमी पडलंय. हिरडी बोटाने दाबून सोडली की पांढरा पडलेला भाग दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवा. खांद्यांमधली कातडी चिमटीत उचलून सोडली आणि ती लगेच बसली नाही, तर पाण्याची घट बरीच पुढे गेलीय. ही खूण उशिरा दिसते, आणि म्हाताऱ्या किंवा लठ्ठ कुत्र्यात फसवतेही. लघवी गडद पिवळी आणि थोडी होत असेल तर तीही नोंद घ्या.

‘जास्त पाण्याने पोट फुगतं’

पोट फुगून जठर पिळलं जाणं हा खराच जीवघेणा प्रकार आहे. जर्मन शेफर्ड, ग्रेट डेन, डॉबरमन अशा खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांत त्याचं प्रमाण जास्त. पण त्याचा संबंध वाढतं वय, जवळच्या नात्यातल्या कुत्र्याला झालेला तोच आजार, हपापून खाणं, दिवसातून एकदाच भरपूर जेवण अशा गोष्टींशी दिसतो. पाणी तोडल्याने तो टळतो याला आधार नाही. भरल्या पोटी पळवू नका, एवढं पुरे. थोडं थोडं पाणी वारंवार दिलं की कुत्रा एका दमात लिटरभर ढोसत नाही आणि ओकतही नाही.

अति पाण्याने रक्तातलं सोडियम घसरण्याचा प्रकार मात्र आहे. तो दिसतो तलावात तासभर काठी आणायला उड्या मारणाऱ्या कुत्र्यात, कारण दर खेपेला तो तोंड भरून पाणी गिळतो. झोकांड्या, लाळ, उलटी, फुगलेलं पोट ही लक्षणं दिसली तर तडक डॉक्टर. डोहाशी काठीचा खेळ दहा मिनिटांत आवरा.

‘थकला तर इलेक्ट्रॉल’

इलेक्ट्रॉल म्हणजे ओआरएस. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार ओआरएसच्या एका लिटरमध्ये 2.6 ग्रॅम मीठ आणि 13.5 ग्रॅम ग्लुकोज असतं. हे जुलाबात शरीरातून गेलेले क्षार भरून काढायला आहे. धापा टाकताना कुत्र्याचं जवळपास निव्वळ पाणी जातं, क्षार मागेच राहतात. त्याला हवं असतं साधं पाणी. क्षार संध्याकाळच्या जेवणातून मिळतात. कडक मिसळलेलं ओआरएस उलट तहान वाढवतं. जुलाब-उलट्या सुरू असतील तर काय आणि किती द्यायचं ते डॉक्टर सांगतील. साखर नसलेल्या पावडरी आणि गोळ्या तर दूरच ठेवा. त्यात झायलिटॉल (साखरेऐवजी वापरला जाणारा गोड पदार्थ) असेल तर कुत्र्याची रक्तशर्करा झपाट्याने कोसळते आणि यकृतही निकामी होऊ शकतं.

‘ऊन लागलं तर गार पाणी ओतू नका’

मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य हेच. उष्माघातात मिनिटं महत्त्वाची असतात. ब्रिटनमधल्या रॉयल व्हेटरनरी कॉलेजचे तज्ज्ञ ‘आधी गार करा, मग हलवा’ असं सांगतात. सह्याद्रीत तर दुसरा मार्गच नाही, कारण गाडीपर्यंत पोहोचायला दोन तास लागतात.

कुत्र्याचं नेहमीचं तापमान 38.3 ते 39.2 अंश सेल्सिअस. ते 41च्या आसपास गेलं आणि कुत्रा झोकांड्या देतोय, हाकेला ओ देत नाही, जीभ-हिरड्या लालभडक किंवा जांभळट दिसताहेत, उलटी होतेय, तर तो उष्माघात समजा. थर्मामीटर नसेल तरी थांबू नका. सावलीत न्या. वाहतं पाणी जवळ असेल आणि कुत्रा तरुण, एरवी निरोगी असेल तर त्याला पाण्यात बसवा, डोकं वर धरून. नसेल तर पोट, मांड्या, छाती यांवर बाटलीतलं पाणी कातडीपर्यंत पोहोचेल असं ओता आणि टोपीने किंवा मॅटने जोरात वारा घाला. वेगळं ठेवलेलं एक लिटर इथे लागतं. पाणी गार असो की कोमट, अंगापेक्षा थंड असलं की झालं. ओला टॉवेल अंगावर गुंडाळून ठेवू नका, उष्णता आत कोंडते. शुद्ध असेल तर प्यायला पुढे करा, शुद्ध हरपलेली असेल तर तोंडात थेंबही नको. तापमान 39.5च्या जवळ आलं की भिजवणं थांबवा.

त्यानंतर कुत्रा उठून शेपूट हलवू लागला तरी त्याला चालवत नेऊ नका, उचलून आणा. मूत्रपिंडं आणि रक्त गोठण्याची यंत्रणा बिघडल्याचं पुढच्या एक-दोन दिवसांतही दिसू शकतं, म्हणून त्याच दिवशी रक्ततपासणी हवी. ट्रेक बहुधा रविवारी असतो आणि पायथ्याच्या तालुक्याचा पशुवैद्यकीय दवाखाना तेव्हा बंद असू शकतो. चोवीस तास उघडा असलेला दवाखाना पुण्यात, नाशकात की ठाण्यात जवळ पडेल, त्याचा नंबर आणि पायथ्यापासून गाडीने लागणारा वेळ शनिवारी रात्रीच कागदावर लिहून घ्या, कारण गडावर रेंज मिळेलच असं नाही.