वी हॅव बीन वीव्हिंग

सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीत टॉवेलचा कारखाना चालवायचा म्हटले, की सूत, वीज आणि कामगार एवढे असले म्हणजे भागते, असा सर्वसाधारण समज आहे. माल परदेशी जाणार असेल, तर मात्र तो अजून का निघाला नाही हे सांगण्यासाठी इंग्रजी भाषेतला योग्य काळही पदरी असावा लागतो. मी अशाच एका कारखान्यात हिशेब आणि पत्रव्यवहार सांभाळतो, त्यामुळे सूत मालक आणतात आणि काळ मला शोधावा लागतो.

आमचे मालक घरी तेलुगू, हमालांशी कन्नड आणि माझ्याशी मराठी बोलतात. इंग्रजी तेवढी त्यांनी माझ्यावर सोपवलेली आहे. इंग्लंडच्या गिऱ्हाइकाचे विचारणा करणारे पत्र आले, की ते खुर्चीतून न उठता सांगतात, "लिहा की ओ, माल होतच आलाय म्हणून." मराठीत हे वाक्य कोणालाही पटते. इंग्रजी मात्र लगेच उलटतपासणी सुरू करते: काम हातावेगळे झाले आहे, की अजून हात कामातच आहेत? 'वी हॅव वोव्हन द टॉवेल्स' असे लिहावे, तर टॉवेल विणून थप्पी लागली असा अर्थ होतो आणि दुसऱ्याच दिवशी खोकी किती, वजन किती, जहाज कोणते, अशी प्रश्नांची माळ येते. 'वी हॅव बीन वीव्हिंग' असे लिहिले, तर फक्त खटाटोप कळतो. माग खडखडत आहेत, मागवाल्याच्या भुवयांवर कापसाची तूस बसून तो अकाली म्हातारा दिसतो आहे, आणि हे सगळे बऱ्याच दिवसांपासून चालले आहे, एवढेच त्यातून निघते. टॉवेल किती झाले, याविषयी ते वाक्य तोंडातून चकार शब्द काढत नाही. उशीर झालेल्या माणसासाठी याहून सोयीचे क्रियापद कोणत्याही भाषेत नसेल.

या शोधाचे श्रेय माझ्या भाचीचे आहे. ती महाविद्यालयात इंग्रजी शिकवते आणि माझी पत्रे पाहून तिचा रक्तदाब वाढतो. "मामा, आकडा लिहायचा असेल तर बीन काढा," असे तिने बजावले, कारण 'चार हजार टॉवेल' म्हटले की तो हिशेब झाला आणि हिशेबाला साधा पूर्ण वर्तमानकाळ लागतो. "आणि तुम्ही त्या गिऱ्हाइकाला ओळखत आला असाल, पण 'हॅव बीन नोइंग' लिहायचं नाही. ओळखणं, मालकी असणं, विश्वास असणं ही काही करत बसायची कामं नाहीत." 'वी हॅव डिस्पॅच्ड यस्टरडे' यावर तर तिने लाल रेघ इतकी जोरात ओढली, की कागद फाटला. मराठीत माल काल पाठवलेला आहे, असे खुशाल म्हणता येते. इंग्रजीत 'काल' आला की 'हॅव'ने उठून जायचे, अशी शिस्त आहे.

कारखान्याच्या माहितीपत्रकातले वाक्यही तिने सुधारले. सोलापुरात पहिली कापडगिरणी १८७७ साली सुरू झाली, हे मी मोठ्या अभिमानाने 'हॅज स्टार्टेड' असे लिहिले होते. साल दिले म्हणजे साधा भूतकाळ, असे सांगून तिने वाक्यच फिरवले: सोलापूर हॅज बीन वीव्हिंग इन मिल्स अँड पॉवरलूम्स सिन्स १८७७. ती गिरणी केव्हाच बंद पडली, तेव्हा तिच्याबद्दल असे लिहिता येणार नाही. पण गावाबद्दल येते, कारण पूर्व भागात आजही माग चालू आहेत. मला हे वाक्य फार आवडले. मालकांनी मात्र त्यातून भलताच बोध घेतला, की दीडशे वर्षे विणत असलेल्या गावाला महिनाभर उशीर काहीच नाही.

त्यानंतर त्यांना या काळाची चटकच लागली. जानेवारीत निम्मे कामगार सिद्धेश्वराच्या गड्ड्यात, म्हणजे जत्रेत, फिरत असताना त्यांनी माझ्याकडून 'वी हॅव बीन पॅकिंग' असे लिहून घेतले. मी कुरकुरलो, तेव्हा त्यांनी पॅकिंगच्या टेबलावर स्वतःच्या हाताने एक टॉवेल घडी करून ठेवला आणि म्हणाले, "झालं की सुरू."

माल शेवटी गेला. पैशाची मुदत उलटली, तेव्हा मी नम्र आठवण पाठवली आणि तिकडून तितकेच नम्र उत्तर आले: वी हॅव बीन प्रोसेसिंग युवर पेमेंट. मी ते मालकांना वाचून दाखवले. त्यांनी चष्मा काढला, पुन्हा एकदा वाचायला लावले आणि म्हणाले, "म्हणजे तिकडंबी टेबलावर एक टॉवेल ठेवलाय म्हणा की. लिहा ओ, बीन काढून आकडा टाका म्हणावं."