आतल्या घडीतली बाळी आणि अर्धशिशी: फिरत्या संदेशाला उत्तर

गेले काही महिने आमच्या रत्नागिरीत आणि खाली मालवण-वेंगुर्ल्यापर्यंतच्या नातेवाइकांच्या मोबाईलवर एक संदेश फिरतो आहे. कानाच्या भोकाच्या अगदी वर, आतल्या अंगाला वळलेली जी कूर्चेची (लवचिक मऊ हाडाची) घडी असते आणि जिला टोचणारे लोक ‘डेथ’ (daith) म्हणतात, तिथे बाळी घातली की अर्धशिशी कायमची जाते, असा त्याचा दावा आहे. पुढे म्हटले आहे की ही ऋषिमुनींची कर्णवेधाची विद्या आहे, कोणत्याही दुकानात बंदुकीने टोचून घ्यावे, हळद-खोबरेल लावावे, समुद्राच्या पाण्याने कान धुवावा, बाळी रोज फिरवावी आणि पंधरा दिवसांत जखम भरते. माझ्या भाचीने यातले प्रत्येक वाक्य पाळले आणि त्याची किंमत मोजली, म्हणून एकेका दाव्याचा विचार करणे मला आवश्यक वाटते.

ऋषिमुनींचा दाखला आधी घेऊ. सुश्रुतसंहितेत कर्णवेधाचे वर्णन आहे, पण ते कानाच्या पाळीचे आहे. सूर्यप्रकाश आरपार दिसतो अशा नैसर्गिक जागी सावकाश, सरळ टोचावे आणि फार रक्त आले व फार वेदना झाल्या तर भलत्याच ठिकाणी टोचले गेले असे समजावे, इतके ते काळजीपूर्वक सांगितले आहे. आतल्या घडीत बाळी घालण्याची पद्धत मात्र 1990 च्या दशकात अमेरिकेतून पसरली. ती आवडली तर हौस म्हणून जरूर करावी, त्यासाठी सुश्रुताला साक्षीला बोलावू नये.

अर्धशिशीचा दावा सर्वांत गंभीर आहे, कारण त्यावर विश्वास ठेवून माणसे चालू गोळ्या बंद करतात. कानाच्या त्या भागाजवळ व्हेगस या मेंदूतून निघणाऱ्या लांब मज्जातंतूची एक शाखा पोहोचते, एवढे खरे आहे. पण अर्धशिशीसाठी त्या मज्जातंतूला मोजून-मापून विद्युत्स्पंद देणारी उपकरणे वेगळी आणि घडीत कायमची अडकवलेली बाळी वेगळी. बरे वाटल्याचे अनुभव अनेक जण सांगतात आणि ते खोटे बोलतात असे मी मुळीच म्हणत नाही. परंतु अर्धशिशी मुळातच चढ-उतारांची व्याधी आहे, माणूस सुई टोचून घ्यायला जातो तो त्रास अगदी टोकाला गेल्यावर, आणि त्यानंतरचे महिने तसेही थोडे सुसह्य जाण्याचीच शक्यता जास्त असते. शिवाय अर्धशिशीच्या औषधांच्या चाचण्यांत नुसती खोटी गोळी दिलेल्यांपैकीही बऱ्याच जणांना उतार पडतो. बाळी घातलेल्यांची बाळी न घातलेल्यांशी नीट तुलना करून हा उपाय सिद्ध झालेला नाही, आणि तोवर त्याला उपचार म्हणणे चूक आहे.

पंधरा दिवसांचे म्हणाल तर तेवढ्यात पाळीचे भोकसुद्धा पुरते भरत नाही. त्याला सहा ते आठ आठवडे लागतात. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, तिच्यावरच्या पातळ आवरणातून जे झिरपेल त्यावर ती जगते, म्हणून आतल्या घडीची जखम भरायला सहा महिने ते वर्षभर लागू शकते. वरून कोरडी दिसली तरी आतून ती ओलीच असते.

बंदूक कूर्चेसाठी अजिबात नको. ती बोथट टोकाचा दागिना जोराने आत ढकलते, त्यामुळे कूर्चा भोक पडण्याऐवजी फाटते, आणि प्लॅस्टिकचे भाग असलेली बंदूक ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेने जंतू मारणाऱ्या यंत्रात, घालता येत नाही. सोनारानेच कान टोचावेत ही म्हण पाळीपुरती मी आजही मानतो. या घडीसाठी मात्र एकदाच वापरायची जंतुरहित पोकळ सुई हाताळणारा, शिकलेला माणूस हवा आणि दागिना शरीरात बसवण्याच्या दर्जाच्या टायटॅनियमचा असावा, कारण स्वस्त धातूतले निकेल अनेकांना सोसत नाही.

आपल्या किनाऱ्यावर सर्वांत घातक ठरतो तो हळद, खोबरेल आणि समुद्राचा सल्ला. जखमेसाठी वापरायच्या सलाईनमध्ये लिटरला 9 ग्रॅम मीठ असते, समुद्राच्या पाण्यात साधारण 35 ग्रॅम. त्यात जिवंत जंतू असतात आणि खाडीच्या, बंदराच्या पाण्यात तर गावाचे सांडपाणीही मिसळते. जुलैत जिथे दोरीवरचा पंचा दोन दिवस वाळत नाही, तिथे तेलाने बंद केलेली घडी कशी वाळणार? भाचीच्या बाळीभोवती तेल, हळद आणि जखमेतला स्राव यांचा पिवळा-काळा थर बसला होता आणि त्यात केसांचे तुकडे रुतले होते. औषधाच्या दुकानातले जंतुरहित सलाईन दिवसातून दोनदा लावून, स्वच्छ गॉजने हलके टिपून घ्यावे, एवढेच पुरे असते. जखम भरेपर्यंत समुद्र, विहीर, तलाव यांत डुंबू नये, त्या कानात इअरफोन घालू नये आणि त्या कुशीवर झोपू नये.

बाळी फिरवण्याने नव्याने धरलेली कातडी रोज सोलली जाते, म्हणून तिला हात लावू नये.

सहाव्या आठवड्यात भाचीचा कान वरून लाल, गरम आणि फुगलेला होता, पण पाळी अगदी जशीच्या तशी होती. पाळीत कूर्चा नसते, म्हणून ती वाचते, आणि हीच कूर्चेच्या आवरणाच्या संसर्गाची ओळख आहे. तो बहुधा ओलाव्यात वाढणाऱ्या स्यूडोमोनास जंतूंमुळे होतो. घरात उरलेल्या अमॉक्सिसिलिनच्या गोळ्यांना ते जंतू दाद देत नाहीत. आम्ही त्याच गोळ्या देत चार दिवस घालवले. कान-नाक-घसा तज्ज्ञांनी पू काढला तेव्हा कूर्चेचा तुकडा मेलेला होता, आणि आज तिच्या कानाची ती घडी खाली बसलेली आहे. असा कान दिसला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावेत. बाळी काढायची की ठेवायची, हे त्यांनाच ठरवू द्यावे.