बाहेरच्या भोकाचा मोह

नाशकातल्या आरसी, म्हणजे रिमोटवर उडणाऱ्या छोट्या विमानांच्या शौकिनांच्या मोबाइलवर सध्या एक मेसेज फिरतोय: "सर्व्होच्या आर्मचं सगळ्यात बाहेरचं भोक घ्या, हॉर्नचं सगळ्यात आतलं. भरपूर थ्रो मिळतो, जास्त झाला तर रिमोटमधून कमी करा. मध्य चुकला तर सबट्रिम आहेच. जोड थोडा ढिला असला तरी हवा दाबून धरते." मला तो चौघांनी पाठवला. त्यातल्या दोघांची विमानं सध्या माझ्या टेबलावर दुरुस्तीला पडलीत, म्हणून हा खटाटोप.

नवख्यांसाठी: सर्व्हो म्हणजे विमानाचे हलते भाग फिरवणारी छोटी मोटर आणि आर्म म्हणजे तिच्यावरचा भोकांचा हात. तिथून एक रॉड हलत्या भागावरच्या हॉर्नला, म्हणजे तशाच भोकांच्या दांडीला, जोडलेला असतो. तो भाग किती हलतो तो थ्रो, आणि सबट्रिम म्हणजे रिमोटमधून सर्व्होचा मध्य सरकवण्याची सोय.

आधी भोकांचं बघू. 1.5 किलो-सेंमी ताकदीचा (म्हणजे 1 सेंमीवर दीड किलोचा रेटा देणारा) साधा नऊ ग्रॅमचा सर्व्हो धरा. आर्मवर 2 सेंमीचं भोक घेतलं तर रॉडला रेटा मिळतो पाऊण किलोचा. हॉर्नवर 1 सेंमीचं भोक असेल तर बिजागरीपाशी उरतात 0.75 किलो-सेंमी. आता उलटं करा, आर्म 1 आणि हॉर्न 2. सर्व्हो तोच, पण बिजागरीपाशी 3 किलो-सेंमी. चौपट! सर्व्हो 45 अंश फिरला की एलेव्हेटर (नाक वर-खाली करणारा शेपटीचा हलता भाग) साधारण 20 अंश हलतो, आणि ट्रेनरला, म्हणजे शिकाऊ विमानाला, तेवढं पुरून उरतं. 'सर्व्हो कमजोर निघाला' म्हणून दुकानदाराशी भांडायला जाण्याआधी पट्टी लावून बघा.

रिमोटमधून कमी केलं तर थ्रो कमी होतो, ताकद काही परत येत नाही. शिवाय बारकावा जातो. मध्यापासून प्रत्येक बाजूला सर्व्होला सिग्नलचा साधारण 500 मायक्रोसेकंदांचा पल्ला असतो, आणि स्वस्तातल्या सर्व्होला 10 मायक्रोसेकंदांच्या आतला बदल जाणवतच नाही. पूर्ण पल्ल्यात ही चूक 2 टक्के. एंडपॉइंट, म्हणजे रिमोटमधली पल्ल्याची मर्यादा, 40 टक्क्यांवर आणला की तीच 5 टक्के होते. लँडिंगला स्टिक जरा हलवावी तर आधी काहीच नाही आणि मग एकदम नाक वर, हे त्यातूनच येतं.

ढिल्या जोडाचं म्हणणं अर्धं खरं आहे. थर्माकोलच्या हळू उडणाऱ्या विमानात खपून जातं. पण क्लेव्हिसमध्ये (रॉड हॉर्नला जोडणाऱ्या चिमट्यात) 0.2 मिमी प्ले, म्हणजे ढिलेपणा, असेल तर 10 मिमीच्या भोकावर पृष्ठभाग एका अंशाहून जास्त सैल राहतो, 20 मिमीवर त्याच्या निम्मा. वेग वाढला की हवा त्याला दाबून धरत नाही, फडफडवते. गेल्या हिवाळ्यात गंगापूर रोडपलीकडच्या मोकळ्या रानात मी डाइव्ह मारली, घर्रर्र असा आवाज आला आणि एलेव्हेटर बिजागरीसकट निघून गेला. चूक माझीच, भोक झिजलेलं दिसत होतं, तरी उडवलं.

सबट्रिम शेवटच्या एकदोन अंशांपुरतं ठेवा, नाहीतर एका बाजूचा पल्ला लवकर संपतो. स्टिक मध्यावर असताना आर्म रॉडशी काटकोनात हवा. आर्म सर्व्होच्या दातेरी शाफ्टवर एक दात सरकवला की 25 दात्यांच्या सर्व्होवर थेट 14.4 अंशांची उडी. पण चार हातांचा आर्म असेल तर चारही हात बसवून पाहा. 25 ला 4 ने पूर्ण भाग जात नाही, म्हणून प्रत्येक हात 3.6 अंशांच्या फरकाने बसतो. काटकोनाच्या जवळचा ठेवायचा, बाकीचे कापून टाकायचे.

हा सल्ला मुळात थ्रीडी, म्हणजे कसरतींची विमानं, उडवणाऱ्यांचा असावा, असं मला वाटतं. त्यांना 45 अंशांच्या वर थ्रो लागतो, म्हणून आर्म लांब. पण त्यांचा हॉर्नही लांब असतो आणि सर्व्हो दणकट मेटल गिअरचा. मेसेज पुढे ढकलता ढकलता तेवढं गळलं.