उजेड पाडण्याचा उद्योग

दहावीचा निकाल लागला त्या दिवसापासून आमचे अण्णा मला एकच प्रश्न विचारत आले आहेत. "काय उजेड पाडलास?" पुढे डिप्लोमा झाला, लग्न झालं, भोसरी एमआयडीसीतल्या त्यांच्या वर्कशॉपची किल्ली माझ्या खिशात आली. प्रश्न काही बदलला नाही. फक्त गेल्या वर्षी मी त्याचं उत्तर कोटेशन मागवून द्यायचं ठरवलं.

निमित्त झालं आमच्या इन्स्पेक्शनच्या काकांचं. त्यांनी पास केलेले चाळीस नग गिऱ्हाइकाने परत पाठवले. मी मायक्रोमीटर हातात घेऊन तावातावाने त्यांच्या टेबलापाशी गेलो. काकांनी चष्मा पुसला आणि शांतपणे बोट वर केलं. "आधी तिकडं बघा, मग मला बोला."

वर बघितलं. आमची शेड पन्नास बाय शंभर फुटांची. तीस फुटांवर पत्रा, त्याखाली ट्रस, म्हणजे पत्रा तोलणाऱ्या लोखंडी कैच्या, आणि ट्रसला टांगलेले सोळा मेटल हॅलाइडचे दिवे, प्रत्येकी ४०० वॅटचे. त्यातले पाच बंद होते. एक जांभळट पेटला होता. त्याला पेटलेला म्हणायचं की बंद, यावर दुमत होऊ शकतं.

आता एखादा म्हणेल, दिवा गेला तर बदलायचा, त्यात काय! घरी स्टुलावर चढून दिवा बदलणाऱ्यांना हे बोलणं सोपं आहे. तीस फुटांवर जायला सिझर लिफ्ट भाड्याने आणावी लागते. ती आत यायची तर मशीनं थांबवून वाट मोकळी करायला हवी, म्हणजे गुरुवारच गाठायला हवा, कारण आमच्याकडे साप्ताहिक सुट्टी गुरुवारची. लिफ्टचं भाडं दिव्याच्या किमतीपेक्षा जास्त. त्यामुळे एखादा दिवा गेला की आम्ही सुतक पाळत नाही. "अजून दोन-चार जाऊ देत, मग एकदमच बघू," असं म्हणतो आणि बाकीच्यांकडे आशेने बघत राहतो.

मेटल हॅलाइडचा एक मोठा गुण मात्र मान्य करायला हवा. वीज गेली आणि लगेच परत आली, तरी तो पेटत नाही. आधी त्याला निवावं लागतं, मग हळूहळू लाल-निळं होत तो रंगात येतो. दहा-पंधरा मिनिटं सहज जातात. जुन्या गायकाची मैफल जशी तंबोरा जुळवण्यातच निम्मी सरते, तसं. या पंधरा मिनिटांत आमच्या कारखान्यात चहा होई. वीज अर्धा सेकंद जरी मिचकली तरी चहा. माणसं महावितरणला शिव्या घालतात. आमच्याकडे तिला आशीर्वाद देणारी बावीस माणसं होती.

तर मी एलईडी लावायचं ठरवलं. खरं सांगायचं तर दुसऱ्यांदा ठरवलं. पहिली खेप मी मुद्दामच उशिरा सांगतोय.

त्याच्या आदल्या वर्षी मी शहरातल्या बाजारातून 'चाचणीसाठी' म्हणून चार हायबे, म्हणजे उंच छताला टांगायचे, एलईडी दिवे स्वस्तात आणले होते. खोक्यावर २०० वॅट लिहिलेलं. आमचे वायरमन मामा खोकं हातात घेताच म्हणाले, "शेठ, हलका लागतोय." मी म्हटलं, "चांगलंच की, ट्रसवर भार कमी." मामांनी माझ्याकडे अण्णा बघतात तसं बघितलं. एलईडीला उष्णता बाहेर टाकायला पाठीवर ॲल्युमिनियम लागतं आणि ॲल्युमिनियमला वजन असतं, हे मला नंतर कळलं. दिवा लावला, मामांनी वायरीला करंट मोजायचा क्लॅम्प मीटर अडकवला. जेमतेम अर्धा अँपिअर. म्हणजे २०० वॅटचा दिवा ११०-११५ वॅटच खात होता. "बघा मामा," मी म्हणालो, "किती वीज वाचतेय!" त्यानंतर मामा दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलले.

त्या दिव्यांचा उजेड १२० अंशांत पसरायचा. आठ-दहा फुटांच्या खोलीत हे ठीक, पण तीस फुटांवरून तो उजेड दानशूरासारखा सगळीकडे वाटला जाई आणि खाली मशीनपर्यंत शिल्लक राहत नसे. भिंतीवर उजेड, क्रेनच्या गर्डरवर उजेड, शेजारच्या शेडच्या खिडकीतही थोडा उजेड. लेथवर काळोख.

लेथवरून आठवलं. त्या दिव्यांखाली एका पोराने मला बोलावून दाखवलं की मिनिटाला हजार फेऱ्यांनी फिरणारा चक, म्हणजे लेथवर काम घट्ट धरणारा भाग, जागच्या जागी थांबलेला दिसतोय. वर तीन जबड्यांचा चक सहा जबड्यांचा दिसत होता. ही भुताटकी नाही. आपली वीज ५० सायकलची, त्यामुळे हलक्या ड्रायव्हरचा, म्हणजे एलईडीला वीज पुरवणाऱ्या हलक्या सर्किटचा, दिवा सेकंदाला शंभर वेळा मिचमिचतो. तेवढ्या वेळात चक बरोब्बर एक षष्ठांश फिरतो, आणि डोळ्याला वाटतं तो थांबलाय. गंमत म्हणून हे ऐकायला ठीक आहे. पण थांबलाय असं समजून कुणी त्यात हात घातला तर? त्या क्षणी मात्र मला हसू आलं नाही. ते दिवे मी त्याच दुपारी बंद करायला लावले आणि मशीनांपासून लांब, मालाच्या रॅकवर हलवले. जुने दिवेही मिचमिचायचेच, पण मामांनी ते आर, वाय, बी अशा तीन फेजवर वाटून लावले होते. एक मिटला की दुसरा उघडा असायचा. ही अक्कल मामांची. खोक्यावर छापलेली नव्हती.

रॅकवरचे ते चारही मे महिन्यात गेले. पत्र्याखालची उन्हाळ्यातली हवा म्हणजे तापलेला तवाच. गरम हवा वर जाते आणि दिवाही वरच असतो, त्यामुळे बिचाऱ्याला जायला जागा नाही. मामांनी एक उघडून आतला फुगलेला कपॅसिटर दाखवला. "शेठ, एलईडी मरत नसतो. ड्रायव्हर मरतो." तेव्हा आमचा टेम्पोवाला दारात उभा होता. तो दोन पावलं मागे सरकला.

म्हणून दुसऱ्या खेपेला रीतसर कोटेशनं. तीन कंपन्यांची तीन तरणी पोरं आली, तिघांच्या गळ्यात पट्टे, तिघांच्या तोंडी वेगळी भाषा. आम्ही लहानपणापासून उजेड वॅटमध्ये मोजलेला. साठचा बल्ब, शंभरचा बल्ब. ही पोरं म्हणाली, वॅट म्हणजे दिवा किती खातो. किती देतो ते ल्युमेन. आणि त्यातलं तुमच्या टेबलावर किती पोचतं ते लक्स. हे मला लगेच समजलं. बजेट, मंजूर निधी आणि प्रत्यक्षात झालेला रस्ता.

काकांना वेगळीच शंका. "हा पांढरा उजेड खरा असतो का?" एका पोराने उत्साहाने सांगितलं की आतली चिप निळी असते, तिच्यावर पिवळ्या फॉस्फरचा थर देतात आणि दोन्ही मिळून पांढरं दिसतं. त्या निळ्या एलईडीसाठी जपानमध्ये जन्मलेल्या तीन शास्त्रज्ञांना २०१४ साली नोबेल मिळालं. काकांनी मान डोलावली. "म्हणजे नीळ घालून धोतर पांढरं करतात, तसंच. आमची आई करायची. तिला नाही कुणी काही दिलं."

दुसऱ्या पोराने आयुष्य सांगितलं, ५०,००० तास. आमच्या दोन पाळ्या, सोळा तास, म्हणजे वर्षाचे साधारण ५,००० तास, म्हणजे दिवा दहा वर्षं चालणार. "आणि वॉरंटी?" "दोन वर्षं सर." पत्रिकेत शंभरी लिहिलेल्या माणसाला विमावाल्याने दोनच वर्षांची पॉलिसी द्यावी, तसा प्रकार. शिवाय ५०,००० तास म्हणजे तोपर्यंत जळत राहील असं नाही, तर तोपर्यंत उजेड सत्तर टक्क्यांवर उतरेल, असं बारीक अक्षरात. मी पन्नाशीला आलोय. ही व्याख्या मला माणसांनाही लागू वाटली, पण विचार तिथेच सोडला.

तिसऱ्याचा हिशेब सर्वांत देखणा. जुना दिवा ४०० चा, त्याचा करंट आवरणारा चोक जे खातो ते धरून ४५० वॅट. सोळा दिवे, ७,२०० वॅट. नवे सोळा, दीडशेचे, २,४०० वॅट. सोळा तास, सव्वीस दिवस, महिन्याला जवळजवळ २,००० युनिटांची बचत! मी आकड्याकडे बघतच राहिलो. चहाचा कप उचलता उचलता मामा म्हणाले, "पण सोळातले पाच तर बंदच आहेत." म्हणजे या पट्ठ्याने जे दिवे जळतच नव्हते त्यांचीही वीज वाचवून दाखवली होती. पुन्हा मांडलं तेव्हा बचत हजार-अकराशे युनिटांवर आली. पोरगं हिरमुसलं. मी त्याला दुसरा चहा दिला. तिघांत दिवा त्याचाच बरा होता. वजनाला भरभक्कम, ड्रायव्हर वेगळा काढता येणारा, मिचमिच नाही, वीज कडाडली तर झेलायला आत सर्ज प्रोटेक्शन. उजेडाचा कोन ९० अंश.

आता मुळात उजेड हवा किती? माझ्या धाकट्या भावाने मोबाइलवर लक्स मोजायचं ॲप उतरवलं. काकांच्या टेबलावर त्याचा फोन म्हणाला १४०. माझा म्हणाला ६०. काकांचा म्हणाला २, कारण त्यांच्या फोनचं कव्हर वरच्या कडेवर आलं होतं. शेवटी ओळखीच्या कारखान्यातून खरा लक्स मीटर मागून आणला. ८५. भारतीय मानक ३६४६ मध्ये मध्यम प्रतीच्या मशीनकामासाठी आणि तशाच तपासणीसाठी ३०० ते ७५० लक्स सांगितलेत. काकांनी ८५ चा आकडा खडूने टेबलावर लिहिला, त्याभोवती चौकट केली आणि त्या चाळीस नगांबद्दल पुन्हा कधी चकार शब्द काढला नाही. काढायची गरजच नव्हती.

रंगावरून घरात दोन तट पडले. उजेडाचा रंग केल्विनमध्ये सांगतात, आकडा जितका मोठा तितका तो निळसर. भावाला ६५०० केल्विन हवा होता, 'एकदम व्हाइट'. नमुना लावला तर त्या निळसर उजेडात पहिली पाळी मयताला जमल्यासारखी दिसायला लागली. ५००० वर तडजोड झाली. काकांच्या टेबलावर एक स्वतंत्र दिवाही लावायचं ठरलं, कारण एका टेबलासाठी अख्ख्या शेडला ७५० लक्स देणं म्हणजे एका पाहुण्यासाठी गावजेवण घालणं.

पोराने हिशेबासाठी एक फॉर्म दिला होता. लांबी, रुंदी, उंची, आणि 'भिंतींचा रंग'. मी लिहिलं, पांढरा. खोटं नव्हतं. शेड बांधली तेव्हा तो पांढराच होता. लग्नाच्या बायोडेटाला कॉलेजातला फोटो जोडतात, त्याच निष्पाप भावनेने मी ते लिहिलं.

खंडेनवमीच्या आधीच्या गुरुवारी लिफ्ट आली. मामा पट्टा बांधून वर, आम्ही माना वर करून खाली. दिवसभरात ट्रसवरून तीन पारव्यांची घरटी, एक पतंग आणि ३२ नंबरचा एक रिंग पाना खाली आला. पाना बघून मी चरकलो. हा चोरला म्हणून अण्णांनी शेजारच्या शेडवाल्याशी वीस वर्षांपूर्वी बोलणं टाकलं होतं. तो मी मुकाट्याने ड्रॉवरमध्ये ठेवला.

संध्याकाळी मामांनी स्विच टाकला. सोळाच्या सोळा, एका क्षणात, तंबोरा न जुळवता. आम्ही सगळे गप्प झालो. आनंदाने नव्हे. वीस-पंचवीस वर्षं अंधाराने जे सभ्यपणे झाकून ठेवलं होतं ते सगळं एकदम समोर आलं. काळवंडलेल्या भिंती, कूलंटचे ओघळ, कोपऱ्यात 'तात्पुरता' ठेवलेला बर, म्हणजे लेथवर निघालेला लोखंडाचा कीस, आणि त्यात उगवलेलं पिंपळाचं रोप. "हे नेहमी असंच असतं?" माझ्या बायकोने दारातून विचारलं. ती पुन्हा आत आली नाही.

लक्स मोजले. कागदावर ३२०, जमिनीवर २५५. मी पोराला फोन लावून तडकलो. तो नम्रपणे म्हणाला, "सर, भिंतींवरून परत येणारा उजेड धरला होता. तुम्ही पांढऱ्या लिहिल्या होत्या." नवरात्रात तिसऱ्या दिवशी वीज गेली. जनरेटर लागताच सगळे दिवे लख्ख. बावीस माणसं चहाचे ग्लास हातात घेऊन माझ्याकडे अशी बघत होती की मी त्यांचा बोनस कापलाय.

खंडेनवमीला अण्णा आले. मशीनांना हळदकुंकू, झेंडूच्या माळा, नारळ. मग त्यांनी कपाळावर आडवा हात धरून वर बघितलं. मी श्वास रोखला. तीस-पस्तीस वर्षांचा प्रश्न आता येणार, आणि आज माझ्याकडे सोळा नगांचं उत्तर होतं.

अण्णा काहीच बोलले नाहीत. हळूहळू भिंतीपाशी गेले, बोट फिरवलं, काळं झालेलं बोट माझ्यापुढे धरलं.

"दिव्यांना एवढा पैसा घातलास. त्याआधी चुना लावायचा नाही होय रे?"

मागून मामांचा आवाज आला, "लावलाय ना अण्णा. मागच्या वर्षी बाजारातच शेठना लावला."