तव्यापासून पानापर्यंत

मागच्या महिन्यात एका पावसाळी संध्याकाळी आम्ही मोबाइलवरून घरी मसाला डोसे मागवले. चाळीस मिनिटांत डबे दारात आले. झाकण उघडले तेव्हा त्याच्या आतल्या बाजूला वाफेचे थेंब साचलेले होते, डोसा घडीवर घडी पडून चिंब मऊ झाला होता आणि कडेचा तांबूस जाळीदार भाग भाजीला चिकटून बसला होता. पीठ चांगले आंबलेले होते, चटणी ताजी होती, बटाट्याच्या भाजीत मोहरी-कढीपत्त्याची फोडणी नीट लागत होती; म्हणजे ज्याने डोसा केला त्याचा हात चांगलाच होता. तव्यावरून उतरताना तो उत्तम असणार, याविषयी मला शंका नाही. आमच्या ताटात मात्र तो डोसा उरलेला नव्हता.

तेव्हापासून जे मनात घोळते आहे, ते आज सविस्तर लिहितो. घरचे जेवण चांगले की हॉटेलातले, हा वाद आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे आणि दोन्ही बाजूंना बोलण्यासारखे पुष्कळ आहे. माझे मत असे झाले आहे की, पदार्थ विस्तवावरून उतरल्यावर पानात पडेपर्यंत किती वेळ जातो, यावर जेवणाचा निम्मा आनंद ठरतो. आपले स्वयंपाकघर आणि आपल्या पेठेतले, आपल्या कोपऱ्यावरचे छोटे हॉटेल या बाबतीत एकाच बाजूचे आहेत. दोन्हीकडे करणारा आणि खाणारा एका हाकेच्या अंतरावर असतात.

फर्ग्युसन रस्त्यावर जगन्नाथ शेट्टी यांनी नावारूपाला आणलेल्या ‘वैशाली’ आणि ‘रूपाली’त पुण्याच्या कित्येक पिढ्या डोसा-इडली खात मोठ्या झाल्या. तशा कोणत्याही उडुपी हॉटेलात, आत डोकावता येत असेल तर, डोसे घालणाऱ्याकडे पाच मिनिटे लक्षपूर्वक पाहावे. जाडजूड लोखंडी तवा इतका तापलेला असतो की पाण्याचा हबका मारताच ते चरचरून उडते; लगेच तो छोट्या खराट्याने तवा पुसून घेतो आणि त्या किंचित निवलेल्या पृष्ठभागावर पीठ ओतून वाटीच्या बुडाने गोल फिरवत पसरवतो. तवा निवला नाही तर पीठ पडल्या जागी धरते आणि पसरत नाही. जाड तव्याच्या पोटात मात्र उष्णता भरलेली असते, म्हणून क्षणभर निवूनही तो पुन्हा तापतो आणि डोशाला सोनेरी रंग चढतो. घरच्या पातळ तव्याला हे झेपत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या डोशाला तो एकतर गार पडतो किंवा जाळू लागतो. घरी डोसे करू नयेत असे मी म्हणत नाही, आम्हीही करतो. पण हॉटेलातल्या डोशासाठी हॉटेलात जाऊन बसणे हाच मार्ग आहे, कारण तो कुरकुरीतपणा फार तर पाच-सात मिनिटे टिकतो.

बटाटेवड्याचेही असेच. केसरीवाड्याजवळच्या प्रभा विश्रांतिगृहात वडा खायला जाणारा माणूस खरे तर घाण्याची वाट पाहायला जातो. नवा घाणा कढईतून निघाला की वड्याचे आवरण दाताखाली चुरचुरते आणि आतला आले-मिरचीचा बटाटा जिभेला चटका देतो. त्या चटक्यासाठी थांबायची माझी केव्हाही तयारी असते. १९३५ पासून डेक्कनवर उभ्या असलेल्या ‘गुडलक’मध्ये बनमस्का-चहा घेतला किंवा कॅम्पात ‘कयानी’समोर सकाळच्या रांगेत उभे राहून श्रूजबेरी बिस्किटे घेतली, की भट्टीजवळ उभे राहण्याचे सुख काय असते ते कळते.

याला अपवाद आहेत आणि ते मोकळेपणाने मान्य करायला हवेत. मुरण्यासारखे पदार्थ वेळेनेच चांगले होतात. चिंच-गुळाची आमटी रात्रीपर्यंत अधिक रुचकर लागते, पुरणपोळी दुसऱ्या दिवशी दुधात कुस्करून खाणारे आमच्या घरात तीन जण आहेत, आणि मिसळीचा रस्सा तर उकळत राहिल्याशिवाय जमतच नाही. नारायण पेठेतल्या बेडेकरांच्या मिसळीचा किंचित गोडसर रस्सा घरी साधत नाही, याचे एक कारण प्रमाण हेच आहे. मोठ्या पातेल्यात तासन्‌तास मंद आचेवर राहिलेला मसाला तेलात जसा उतरतो, तसा चार माणसांच्या रश्श्यात उतरत नाही. पण तिथेही सॅम्पल, म्हणजे वरून घ्यायचा जादा रस्सा, वाढणारा माणूस टेबलापाशी येतो, तेव्हा ते वाफाळतच वाटीत पडते. शेव-पोह्यांवर रस्सा पडल्यापासून शेव मऊ पडेपर्यंतची दोन-चार मिनिटे हीच मिसळीची खरी वेळ, आणि ती डब्यात बंद करून पाठवता येत नाही.

हॉटेलांची एवढी बाजू घेतल्यावर आता घराविषयी लिहितो, कारण माझ्या मनात घरच्या जेवणाचा अर्थ ज्वारीच्या भाकरीपासून सुरू होतो. मी मूळचा बार्शीचा. १९९४ मध्ये शिक्षणासाठी पुण्यात आलो आणि इथलाच झालो, पण पीठ अजूनही मालदांडी ज्वारीचेच लागते. भाकरी पाहायला सोपी आणि करायला अवघड. पीठ जुने असेल तर त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, गेलेली असते आणि थापताना कडा फुटतात; म्हणून परातीत कडकडीत पाणी घालून ते तळहाताने रगडून रगडून मळावे लागते. गोळा कोरड्या पिठावर ठेवून बोटांनी फिरवत थापायचा, अलगद हातावर घेऊन तव्यावर टाकायचा आणि वरच्या बाजूला ओल्या हाताने पाणी फिरवायचे. ते पाणी पुरते सुकायच्या आत भाकरी उलटायची. उशीर झाला तर तडे जातात, घाई झाली तर चिकटते. दुसरी बाजू शेकून झाल्यावर तवा बाजूला करून ती ज्योतीवर धरली की टम्म फुगते आणि पापुद्रा सुटतो. तो पापुद्रा बोटाने उचलून आत लसणीची शेंगाचटणी आणि कच्च्या तेलाची धार घालून खाल्लेला पहिला घास जगातल्या कोणत्याही पंचतारांकित हॉटेलात मिळणार नाही, हे मी पूर्ण गांभीर्याने लिहितो आहे. दहा मिनिटांनी तीच भाकरी वातड होते. (सोलापूरकडची कडक भाकरी हा निराळा प्रकार, ती मुद्दाम पातळ थापून, वाळवून टिकवण्यासाठीच केलेली असते.)

पण ही दहा मिनिटे कोणी कोणाला दिली, हा प्रश्न मी फार उशिरा स्वतःला विचारला. बार्शीच्या घरात आम्ही सात माणसे होतो. आई चुलीपाशी बसायची आणि तव्यावरची भाकरी थेट आमच्या ताटात यायची. आधी आजोबा आणि वडील, मग आम्ही मुले, मग आजी. प्रत्येकाला फुगलेली, वाफ निघणारी भाकरी मिळायची आणि तसा नेम चुकला तर आम्ही कुरकुर करायचो. आई सर्वांत शेवटी जेवायची. टोपल्यातली, निवून गेलेली, खालची भाकरी तिच्या वाट्याला यायची. घरच्या जेवणाचे गोडवे गाताना आपण ज्या गरम घासाची आठवण काढतो, त्याची किंमत कोणीतरी गार घास खाऊन चुकवलेली असते. हे मनात ठेवल्याशिवाय घरच्या स्वयंपाकाविषयी प्रेमाने लिहिणे मला आता अपुरे वाटते.

१९९६ च्या दिवाळीनंतर आई पहिल्यांदा माझ्याकडे पुण्याला आली. मी तिला टिळक रस्त्यावरच्या ‘बादशाही’त जेवायला नेले. नाव सांगून बाहेर थांबलो, आमची पाळी आल्यावर आत जाऊन बसलो. ताटात भाजी, आमटी, कोशिंबीर आली आणि वाढप्याने गरम पोळी आणून प्रथम तिच्या ताटात घातली. तिने ती तशीच ठेवली आणि माझ्याकडे पाहत राहिली. तुझ्या पानात पडू दे, मग सुरुवात करते, असे ती म्हणाली. वाढप्याने पुढची पोळी माझ्या ताटात घालून तिला सांगितले, “मावशी, घ्या तुम्ही, गार होईल.” मग तिने जेवायला सुरुवात केली. बाहेर पडल्यावर ती चवीविषयी फारसे बोलली नाही. “कुणी तरी गरम वाढत होतं आन्‌ मी बसून खात होते,” एवढेच म्हणाली. त्या वेळी ती चाळीस-बेचाळीस वर्षांची असेल. बाहेर जेवायला जाणे ही काही घरांत चैन असते, काही घरांत सवय असते. माझ्या आईसाठी ती आयुष्यातली पहिली गरम पोळी होती, जी तिने स्वतः लाटली नव्हती.

पुण्याला खानावळींची जी परंपरा आहे, तिचे महत्त्व मला त्यामुळेच फार मोठे वाटते. परगावचा विद्यार्थी या शहरात फार पूर्वीपासून कोणाच्या ना कोणाच्या पानावर जेवत आला आहे. एके काळी गरीब मुले वार लावून जेवत, म्हणजे सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. कित्येकांनी माधुकरी मागून शिक्षण केले. १९०९ मध्ये स्थापन झालेल्या अनाथ विद्यार्थी गृहाच्या, म्हणजे आजच्या पुणे विद्यार्थी गृहाच्या इतिहासातही माधुकरीला मानाचे स्थान आहे. पुढे खानावळी आल्या. मी स्वतः चार वर्षे नारायण पेठेतल्या एका काकूंच्या खानावळीत जेवलो. महिन्याचे पैसे आगाऊ, रविवारी दुपारी फीस्ट आणि संध्याकाळी सुट्टी, असा क्रम होता. काकू स्वयंपाकघराच्या दाराशी पोळ्या लाटत असत आणि कोणाला तीन लागतात, कोण चौथी मागायला लाजतो, हे त्यांना पाठ असे. चौथी न मागता पानात पडायची. रविवारच्या संध्याकाळी खानावळ बंद असायची म्हणून आम्ही मुले पैसे जमवून मिसळ किंवा वडे खायला जायचो, आणि या शहराची चव मला त्या संध्याकाळींनीच शिकवली.

आज सदाशिव आणि नारायण पेठांत स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी हजारो मुले राहतात आणि त्यांतली बरीचशी डब्यावर जेवतात. डबा पोहोचवणाऱ्या बायकांच्या कष्टांविषयी माझ्या मनात आदरच आहे. आजारी माणूस, रात्रपाळी करणारा, एकटे राहणारे वृद्ध यांच्यासाठी घरपोच जेवण हा मोठा आधार आहे, हेही मी जाणतो. माझी तक्रार वेगळी आहे. आमच्या भागातल्या एका लहानशा हॉटेलात आम्ही गेली पंधरा वर्षे जात आलो आहोत. हल्ली तिथे काउंटरवर मोबाइलवरच्या मागण्यांची यंत्रे सारखी वाजत असतात, डबे भरून नेणारी मुले दाराशी ताटकळत उभी असतात, आणि समोर टेबलाशी बसलेल्या माणसांची पोळी मागे पडून आधी डबे भरले जातात. परवा पिठले येऊन निवले तरी भाकरी आली नव्हती. मालकांशी बोललो, तेव्हा ते म्हणाले की डब्यांवर धंदा चालतो, पण त्यातून कंपनीचा वाटा जाऊन हातात फार कमी उरते, आणि डबे बंद केले तर भाडे निघत नाही. मला त्यांचा राग आला नाही. वाईट मात्र फार वाटले. त्यांच्या तव्यावरची भाकरी आमच्यापासून दहा पावलांवर होती.

म्हणून आम्ही घरात काही ठरवले आहे. सोय म्हणून डबा मागवायचाच झाला तर पुलाव, छोले, रस्साभाजी असे, प्रवास सोसणारे काही मागवायचे. डोसा, वडा, भजी, भाकरी यांसाठी चालत जायचे, आणि शक्यतो गर्दी नसलेल्या वेळी, म्हणजे करणाऱ्यालाही उसंत असते आणि नव्या घाण्याची वाट पाहणे आनंदाचे होते. जमेल तेव्हा सिंहगडावर जायचे. वर चुलीपाशी बसलेल्या मावशी पिठल्याबरोबर भाकरी थेट तव्यावरून देतात आणि मग मडक्यातले दही खायचे. घरी रविवारी भाकरी मी करतो आणि तव्यापाशी उभा राहणारा माणूस शेवटी एकटा जेवणार नाही, हा नियम केला आहे. शेवटच्या दोन भाकऱ्या मुलगी करते, त्या माझ्या ताटात येतात, आणि मी त्या गरम असतानाच खातो.

आई आता सत्तरीत आहे आणि या दिवाळीत महिनाभर पुण्यात राहणार आहे. गुडघ्यांमुळे तिला फार जिने चढवत नाहीत आणि रांगेत उभे राहणेही होत नाही. कोथरूड, कर्वेनगर किंवा एरंडवणे भागात तळमजल्यावरची, बसून जेवता येईल अशी, पोळी किंवा भाकरी अजूनही तव्यावरून सरळ पानात वाढणारी एखादी खानावळ आपल्या माहितीत असेल तर तिचे नाव आणि दुपारची वेळ कृपया कळवा.