२,९९९ रुपयांत ‘लाइफटाइम वेबसाइट’: पैसे भरण्याआधी हे वाचा

लघुउद्योगांच्या आणि बचत गटांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज जोरात फिरतो आहे. मसाले-पापड करणाऱ्या माझ्या मावशीच्या गटानं तर पैसे भरायचं जवळजवळ ठरवलंच होतं, म्हणून हे लिहिणं भाग पडलं. मेसेज थोडक्यात असा: फक्त २,९९९ रुपयांत आयुष्यभरासाठी वेबसाइट; डोमेन (साइटचं इंटरनेटवरचं नाव), होस्टिंग (साइट ठेवायची सर्व्हरवरची जागा), एसएसएल (साइट सुरक्षित असल्याचं प्रमाणपत्र) सगळं त्यातच, पुन्हा एक रुपयाही नाही. डोमेन आम्ही आमच्या नावावर घेतो, तुम्हाला ईमेल-ओटीपीची कटकट नाही. सात दिवसांत गूगलच्या पहिल्या पानावर, १०० टक्के गॅरंटी. मजकूर आणि फोटो आम्हीच टाकतो. आणि शेवटी धमकीवजा ओळ: वेबसाइट नाही, तर धंदा संपला.

सुरुवात दुसऱ्या मुद्द्यापासून करते, कारण सगळ्यात घातक तोच आहे.

‘डोमेन आमच्या नावावर, तुम्हाला कटकट नाही’

डोमेन ज्याच्या नावावर आणि ज्याच्या खात्यात नोंदलेलं असतं, ताबा त्याचा. लोगो तुमचा, फोटो तुमचे, पैसेही तुम्हीच भरले, याच्याशी रजिस्ट्रारला, म्हणजे डोमेन नोंदवून देणाऱ्या कंपनीला, काही देणंघेणं नसतं. उद्या या माणसानं फोन उचलणं बंद केलं किंवा नाव सोडवायला पंधरा हजार मागितले, तर हातात काय उरतं? डॉट इन नावांच्या वादासाठी आयएनडीआरपी ही तक्रारीची प्रक्रिया आहे, पण तिथे नावावर तुमचा हक्क आहे हे सिद्ध करावं लागतं. नोंदणीकृत ट्रेडमार्क नसलेल्या छोट्या गटाला ते अवघड जातं, आणि खर्च वेबसाइटच्या कितीतरी पट होतो.

नुकसान नुसत्या साइटचं नाही. मसाल्याचे पाऊच हजारांच्या संख्येत छापून घ्यावे लागतात. त्यावर वेबसाइटचं नाव असतं, क्यूआर कोड असतो, ईमेल असतो. नाव हातचं गेलं की हे तिन्ही एकदम मरतात आणि शिल्लक पाऊच रद्दीत जातात.

नूतनीकरण चुकलं तर काय होतं तेही बघा. डॉट कॉमची मुदत संपली की साइट आणि ईमेल दोन्ही बंद पडतात. पुढचे काही दिवस, जास्तीत जास्त ४५, रजिस्ट्रारच्या धोरणानुसार नेहमीच्या दरात किंवा थोड्या दंडानं नूतनीकरण होऊ शकतं. त्यानंतर ३० दिवस नाव सोडवून घेण्याची मुदत, तीही जबर दंड भरून. मग ५ दिवस कोणालाच काही करता येत नाही, आणि नंतर ते नाव कोणीही विकत घेऊ शकतो. मुदत संपण्याच्या साधारण महिनाभर आधी आणि आठवडाभर आधी सूचना पाठवणं रजिस्ट्रारला बंधनकारक आहे. पण ती जाते खातेदाराच्या ईमेलवर. खातं त्या विक्रेत्याचं असेल, तर तुम्हाला कळणार कसं?

म्हणून ‘कटकट’ करायचीच, आणि ती अर्ध्या तासाची आहे. आधी व्यवसायासाठी वेगळा जीमेल उघडा. कोणा एकीचा वैयक्तिक नको, कारण पुढच्या वर्षी सचिव बदलते. रिकव्हरीसाठी एकीचा मोबाइल नंबर आणि दुसरीचा ईमेल जोडा. त्याच ईमेलवर एखाद्या नावाजलेल्या रजिस्ट्रारकडे स्वतः खातं उघडा, पैसे गटाच्या खात्यातून भरा, नोंदणीदाराच्या रकान्यात गटाचं नाव कागदपत्रांवर आहे तसंच लिहा. ऑटो-रिन्यू आणि टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा. साइट बनवणाऱ्याला पासवर्ड द्यायचा नाही. तो नेमसर्व्हर किंवा डीएनएसच्या नोंदी (नाव कोणत्या सर्व्हरकडे जाईल ते सांगणाऱ्या) लिहून देईल, त्या तुम्ही भरा. अनेक रजिस्ट्रारकडे मर्यादित अधिकार देण्याचीही सोय असते.

आधीच कोणाकडून नाव घेतलं असेल तर एक परीक्षा करा. सार्वजनिक नोंदीत मालकाचं नाव बहुतेक वेळा झाकलेलं असतं, त्यामुळे तिथे बघून समाधान मानू नका. स्वतःच्या लॉगिननं आत जाऊन नूतनीकरणाची तारीख दिसते का? ट्रान्सफरसाठी लागणारा ऑथ कोड काढता येतो का? दोन्हीचं उत्तर ‘हो’ असेल तरच ताबा तुमचा.

‘एकदाच २,९९९, पुन्हा खर्च नाही’

साधा हिशेब करू. डॉट कॉम एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांसाठी घेता येतं. आयुष्यभराचं डोमेन मुळात कोणी विकूच शकत नाही. सगळ्या डॉट कॉम नावांची मुख्य नोंद ठेवणारी कंपनी (रजिस्ट्री) रजिस्ट्रारकडून जो घाऊक दर घेते, तो सप्टेंबर २०२४ मध्ये वर्षाला १०.२६ डॉलर झाला. दहा वर्षांचे शंभरावर डॉलर, म्हणजे नुसत्या नावाचेच आठ हजारांहून जास्त रुपये. मग २,९९९ मध्ये होस्टिंगसकट आयुष्यभर कसं बसवणार? बसवत नाहीतच. पहिल्या वर्षाचं नाव सवलतीत घेतात आणि दुसऱ्या वर्षी ‘मेंटेनन्स’च्या नावाखाली वसूल करतात.

एसएसएलचंही तेच. लेट्स एनक्रिप्ट या ना-नफा सेवेची प्रमाणपत्रं २०१५ पासून फुकट मिळतात. ती जास्तीत जास्त ९० दिवसांसाठी दिली जातात आणि धड होस्टिंग असेल तर आपोआप नवी होतात. त्याचे वेगळे पैसे मागणं चूक, आणि ‘आयुष्यभराचं’ म्हणणं तर धादांत खोटं.

अशा स्वस्त पॅकेजात बहुधा एकाच सर्व्हरवर शेकडो वर्डप्रेस (साइट बनवायचं फुकट सॉफ्टवेअर) साइट कोंबलेल्या असतात, थीम (साइटचा तयार साचा) चोरीची असते आणि अपडेट कोणी करत नाही. चोरीच्या थीममध्ये अनेकदा हॅकरला आत शिरायला मागचा दरवाजा ठेवलेला असतो. मग गूगलमध्ये तुमचं नाव शोधल्यावर मसाल्याऐवजी नकली ब्रँडच्या मालाची जपानी भाषेतली पानं दिसायला लागतात. हा हल्ला इतका नेहमीचा आहे की तो निस्तरायचा कसा, यावर गूगलनंच वेगळं मार्गदर्शन लिहिलं आहे. म्हणून विचारा: बॅकअप किती दिवसांनी घेता, कुठे ठेवता, आणि तो मला उतरवून घेता येतो का? बॅकअप त्याच सर्व्हरवर ठेवला असेल तर त्याचा उपयोग नाही.

‘सात दिवसांत पहिल्या पानावर, १०० टक्के गॅरंटी’

यावर वाद घालायची गरजच नाही. एसइओवाला (साइट शोधात वर आणून देणारा) कसा निवडावा, याबद्दल गूगलनं वेबसाइटधारकांसाठी जे मार्गदर्शन प्रसिद्ध केलं आहे, त्यात स्पष्ट म्हटलंय की गूगलवर पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही. जाहिरातीचे पैसे भरल्यानं खालच्या साध्या निकालांत वर येता येत नाही, हेही गूगल सांगतं. ज्याच्या दुकानाची पायरी चढवून देण्याची गॅरंटी हा माणूस देतो आहे, तो दुकानदारच ‘असं काही नसतं’ म्हणतोय.

मग स्क्रीनशॉट कसे दाखवतात? गटाचं पूर्ण, वेगळं नाव टाइप करून. ते नाव जगात दुसऱ्या कोणाचं नसेल तर पहिल्या पानावर यायला मेहनत लागतच नाही. ‘गोडा मसाला ऑनलाइन’ टाकून दाखवा म्हणावं. आणि पॅकेजमधली ‘५०० कीवर्ड’ची यादी? कीवर्डचा मेटा टॅग (पानाच्या कोडमध्ये लपवलेली शब्दांची यादी) क्रमवारीसाठी वापरत नाही, हे गूगलनं २००९ मध्येच जाहीर केलं आहे.

‘मजकूर-फोटो आम्हीच टाकतो’

नको. दुसऱ्याच्या साइटवरून उचललेला मजकूर आणि इंटरनेटवरच्या मिरच्यांचे फोटो यातून ऑर्डर येत नाही. गिऱ्हाइकाला हवं ते साधं असतं: गोडा मसाला, २०० ग्रॅम, किंमत, घटक, किती महिने टिकतो, कुरिअर कुठे-कुठे जातं, किती दिवसांत, पैसे कसे भरायचे. ऑनलाइन विकणार असाल तर १४ अंकी एफएसएसएआय (अन्न परवान्याचा) क्रमांक, गटाचं नाव-पत्ता, परताव्याचे नियम आणि तक्रारीसाठी संपर्क लागतोच. ही पानं नसतील तर पेमेंट गेटवेवालेही (साइटवर ऑनलाइन पैसे घेण्याची सोय देणारे) अर्ज अडवतात.

एक गोष्ट मराठी साइटवर हमखास बिघडते. फ्लेक्सवाल्याकडची श्रीलिपीत (छपाईसाठीचे जुने मराठी फॉन्ट) टाइप केलेली माहिती कॉपी केली की वेबवर अगम्य अक्षरं उमटतात. मग त्यावर उपाय म्हणून फ्लेक्सचा फोटोच पानावर चिकटवतात. त्या फोटोतला दर गिऱ्हाइकाला मोबाइलवर वाचता येत नाही, कॉपी करता येत नाही, आणि शोधात सापडण्याचाही भरवसा नसतो. मजकूर युनिकोडमध्ये (मोबाइलवर आपण टाइप करतो ती मराठी) पुन्हा टाइप करून घ्या. फोटोही थेट मोबाइलमधून चढवू नका. एकेक ४-५ एमबीचा असतो, असे दहा झाले की खेड्यातल्या नेटवर्कवर पान उघडतच नाही. रुंदी १,२०० पिक्सेल, वेबपी फॉरमॅट, २०० केबीच्या आत, एवढं पुरे.

‘वेबसाइट नाही तर धंदा संपला’

यात थोडं तथ्य आहे, ते मान्य करायलाच हवं. इन्स्टाग्रामचं खातं एका रात्रीत बंद होऊ शकतं, आणि गूगलनंही आपल्या बिझनेस प्रोफाइलसोबत (गूगल मॅपवर दिसणारी धंद्याची नोंद) मिळणाऱ्या फुकट वेबसाइट मार्च २०२४ मध्ये बंद केल्या. स्वतःचं नाव असावं, हे खरंच. पण पूर्ण साइट आजच्या आज लागते, हे खोटं. गावातल्या-तालुक्यातल्या गिऱ्हाइकांवर चालणाऱ्या गटाला गूगल बिझनेस प्रोफाइल आणि व्हॉट्सॲप बिझनेसचा कॅटलॉग, दोन्ही फुकट, बराच काळ पुरतात. आत्ता फक्त डोमेन घेऊन ठेवा. बाहेरगावच्या ऑर्डरी नियमित व्हायला लागल्या की साइट बनवा.

ज्यांनी पैसे भरून टाकलेत त्यांनी आजच लेखी मागावं: डोमेन आमच्या खात्यात हलवा किंवा ऑथ कोड द्या, साइटच्या फायली आणि डेटाबेसचा बॅकअप द्या. नाव नवीन असेल तर पहिले ६० दिवस दुसऱ्या रजिस्ट्रारकडे नेता येत नाही. पण त्याच रजिस्ट्रारकडे तुमचं खातं उघडून त्यात सरकवणं बहुतेक ठिकाणी शक्य असतं, त्यामुळे ‘साठ दिवस थांबा’ हे उत्तर ऐकून घेऊ नका. आणि तोपर्यंत पाऊच छापायला टाकू नका.