जी४ आणि तिची ‘गुप्त’ भावंडं: त्या फॉरवर्डला उत्तर

‘पांढऱ्याच्या पाच गुप्त चाली, ज्या कोच तुम्हाला कधीच शिकवत नाहीत’ असा एक मेसेज सध्या बुद्धिबळाच्या व्हॉट्सअॅप गटांमधून धो धो फिरतोय. मी तो चार वेळा न वाचता पुसला असता. पण भाचीने फोन करून विचारलं, ‘‘मामा, मी ई४ सोडून जी४ खेळू का? पाठ काहीच करावं लागत नाही म्हणे.’’ आता उत्तर देणं भाग आहे. (नवख्यांसाठी: पटाच्या उभ्या रांगा ए ते एच आणि आडव्या पांढऱ्याच्या बाजूने एक ते आठ. नुसतं ‘जी४’ म्हणजे त्या घरावर प्यादं नेणं; दुसरा मोहरा असेल तर त्याचं नाव आधी येतं.)

मेसेजचा सारांश असा. पांढऱ्याला पहिल्या खेळीत वीस चाली उपलब्ध असतात आणि वीसही सारख्याच चांगल्या. ई४-डी४ ही नुसती सवय. म्हणून जी४, एफ३, बी३, बी४, एफ४ यांतलं काहीही खेळा, समोरचा गडबडतो. त्यातही जी४ सगळ्यात भारी. तिला उत्तरच नाही, माजी महिला विश्वविजेती हौ यिफानसुद्धा ती खेळली आहे. खुद्द तेव्हाचा विश्वविजेता कारपोव्ह अशाच चालीसमोर हरला. आणि पाठांतर शून्य.

हौ यिफानपासूनच सुरुवात करतो, कारण लबाडी तिथे सगळ्यात उघडी पडते. हो, ती जी४ खेळली. २०१७ साली जिब्राल्टरच्या स्पर्धेत, शेवटच्या फेरीत, आपल्या भारताच्या ग्रँडमास्टर ललित बाबूविरुद्ध. तो अख्खा डाव इथे देतो, जागा फार लागणार नाही: १. जी४ डी५ २. एफ३ ई५ ३. डी३ वजीर एच४, शह. ४. राजा डी२ एच५ ५. एच३, काळ्याने एच५चं प्यादं जी४वर मारलं आणि हौ यिफानने डाव सोडला. संपलं. पाच चाली.

ती मुद्दाम हरली होती. त्या स्पर्धेतल्या पहिल्या नऊ फेऱ्यांत तिच्यासमोर सात वेळा महिला खेळाडूच आल्या. जोड्या लावण्याच्या पद्धतीवरचा हा राग तिने पटावर काढला. आता विचार करा: जगातली सर्वोत्तम महिला खेळाडू. आपण हा डाव खेळतच नाही आहोत हे साऱ्या जगाला कळावं म्हणून तिने वीस चालींतून एक निवडली, ती जी४. आणि आमच्या मेसेजवाल्या पंडितांनी तोच डाव जी४च्या शिफारसपत्रासारखा छापलाय! डाव कुठल्याही डेटाबेसमध्ये सापडतो. उघडून बघायला एक मिनिट लागतं. तेवढंही कष्ट घ्यायचे नाहीत आणि मुलांना उपदेश मात्र करायचा.

त्याच डावात आणखी एक गोष्ट आहे. बुद्धिबळातली सगळ्यात झटपट मात दोन चालींत होते, आणि ती खायला पांढऱ्याला दोनच चाली खेळाव्या लागतात: जी४ आणि एफ३ (किंवा एफ४). काळा मधे ई५ खेळतो आणि वजीर एच४वर नेऊन मात देतो. हौ यिफानने या दोन्ही चाली खेळल्या. ललित बाबूने आधी डी५ खेळल्यामुळे तिला डी३ खेळायला वेळ मिळाला, राजाला डी२चं घर मोकळं झालं, नाहीतर दुसऱ्या चालीलाच कारभार आटोपला असता. मेसेजमध्ये शिफारस केलेल्या पाच चालींत जी४ आणि एफ३ शेजारी शेजारी बसल्या आहेत. लिहिणाऱ्याने त्या कधी एकत्र खेळून पाहिल्या असतील असं वाटत नाही.

आता ‘उत्तर नाही’ या दाव्याकडे. जी४ला उत्तर आहे, आणि ते पहिलीच चाल आहे: डी५. काळ्याच्या सी८वरच्या उंटाची वाट मोकळी होते आणि जी४चं प्यादं लगेच माराखाली येतं. पांढऱ्याने ते वाचवायला एच३ खेळावं तर काळा ई५ खेळतो. पट बघा: काळ्याची दोन प्यादी मध्यभागी ऐसपैस उभी, पांढऱ्याच्या दोन चाली कडेच्या प्याद्यांत गेलेल्या. पांढऱ्याने पहिली चाल करूनही काळाच पांढऱ्यासारखा खेळतोय. शिवाय राजाच्या बाजूचं प्यादं दोन घरं पुढे गेलंय, ते मागे येत नाही. त्या बाजूला कॅसलिंग केलं, म्हणजे हत्तीसोबतच्या एकाच चालीत राजा कोपऱ्याकडे नेला, तर राजासमोर भगदाड. काळ्याने एच५ ढकललं की तेही उघडं पडतं. इंजिनं, म्हणजे बुद्धिबळ खेळणारे संगणक प्रोग्रॅम, वीस चालींमध्ये जी४ला तळाला टाकतात, ते काही तिच्याशी वैर आहे म्हणून नाही.

मग लोक जी४ खेळून जिंकतात ते कसं? सापळ्यावर. १. जी४ डी५ २. उंट जी२, आणि काळ्याने हावरटपणे उंटाने जी४ मारलं की ३. सी४. आता काळ्याने डी५चं प्यादं सी४वर मारलं तर जी२चा उंट कर्णावरून सुसाट येऊन बी७ खातो आणि ए८चा हत्ती अडकतो. छान सापळा आहे, मान्य. पण काळ्याने तिसऱ्या चालीला शांतपणे सी६ खेळलं की कर्ण बंद, सापळा संपला, आणि पांढऱ्याला प्याद्याच्या बदल्यात फारसं काही मिळालेलं नसतं. एकदा फसलेला मुलगा घरी जाऊन हे पाहतो. पुढच्या वेळी फसत नाही. तुमच्या हातात मात्र तीच चाल राहते.

एवढं कबूल करावं लागेल की जी४ला वेड्यांचीच चाल म्हणणंही बरोबर नाही. स्वित्झर्लंडचा हेन्री ग्रॉब हा खरा, ताकदीचा खेळाडू होता आणि आयुष्यभर त्याने ही चाल खेळली. तिला नावच त्याचं आहे. इंग्लंडचा मायकेल बॅसमनही ती गांभीर्याने खेळायचा. पण ग्रॉबचे पुष्कळसे डाव वर्तमानपत्राच्या वाचकांशी, पत्राद्वारे झालेले आहेत. आणि या दोघांनी तिच्यावर डोकं किती शिजवलं असेल! म्हणजे ‘पाठांतर शून्य’ हा दावा तिथेच आडवा होतो. जी४मध्ये पाठांतर जास्त लागतं, कारण साध्या, सहज सुचणाऱ्या चाली खेळून त्या स्थितीतून निभावत नाही. प्रत्येक फाट्यावर नेमकी चाल आठवावी लागते.

माझा खरा राग मात्र बी३ला याच टोपलीत टाकल्याचा आहे. बी३ ही चांगली चाल आहे. उंट बी२वर जातो, ई५ आणि त्यापलीकडच्या कर्णावर नजर ठेवतो, राजाची बाजू अभंग राहते, काहीही कायमचं बिघडत नाही. डेन्मार्कच्या बेंट लार्सनचं नाव तिला आहे. बी३च्या विरोधात नेहमी एकच डाव फेकला जातो: १९७०, बेलग्रेड, सोव्हिएत संघ विरुद्ध उर्वरित जग, पहिला पट, म्हणजे दोन्ही संघांच्या पहिल्या क्रमांकाच्या खेळाडूंचा. लार्सनने बी३ खेळली आणि तेव्हाचा विश्वविजेता स्पास्कीने त्याला सतरा चालींत गुंडाळलं. चौदाव्या चालीला स्पास्कीने हत्ती एच१वर नेऊन बळी दिला तो क्षण आजही अंगावर येतो. पण तो डाव नीट बघा. लार्सनने एकच घोडा तीनदा हलवला, एफ३, मग डी४, मग सी६, आणि तोवर स्पास्कीचे मोहरे बाहेर आले होते. बी३ने त्याला मारलं नाही, हरवलेल्या वेळाने मारलं. त्याच वर्षी अमेरिकेच्या बॉबी फिशरने पाल्माच्या इंटरझोनलमध्ये, म्हणजे जगज्जेतेपदाच्या पात्रता स्पर्धेत, बी३ खेळून ब्राझीलच्या मेकिंगला हरवलं. तो डाव कुणी फॉरवर्ड करत नाही.

बाकीच्यांचं पटकन उरकतो. बी४ खेळता येते. काळा ई५ खेळून उंटाने बी४ मारतो, तुम्ही बी२च्या उंटाने ई५ मारता, कडेचं प्यादं देऊन मधलं घेतलं, वाईट सौदा नाही. एफ४ जुनी आणि ताठ चाल आहे, पण ई१-एच४ हा कर्ण उघडते. १. एफ४ ई५ २. प्याद्याने ई५ मारलं, डी६ ३. प्याद्याने डी६ मारलं, उंटाने ते परत घेतलं, आणि इथे तुम्ही सवयीने घोडा सी३ खेळलात तर: वजीर एच४ शह, जी३, वजीर जी३वर बळी, एच-प्याद्याने वजीर खाल्ला, उंट जी३, मात. हे ठाऊक असेल तरच एफ४ खेळा. एफ३बद्दल बोलायची गरज नाही. तोच कर्ण उघडते, घोड्याचं सर्वात चांगलं घर अडवते आणि बदल्यात काहीही देत नाही.

कारपोव्हची गोष्ट खरी आहे, फक्त ती पांढऱ्याच्या चालींची नाही. १९८०मध्ये स्वीडनमधल्या स्कारा इथे इंग्लंडच्या टोनी माइल्सने त्याला हरवलं, पण काळ्या मोहऱ्यांनी, ई४ला ए६ असं उत्तर देऊन. तीच चाल पांढऱ्याकडून, म्हणजे पहिल्याच चालीला ए३, हवी असेल तर जर्मनीचा अँडरसन घ्या: १८५८मध्ये अमेरिकेच्या मॉर्फीविरुद्धच्या सामन्यात तो ती तीनदा खेळला आणि तीन डावांत दीड गुण मिळवला. सामना मात्र मॉर्फीने सहज खिशात घातला.

राहिला ‘वीसही चाली सारख्या’ हा मुद्दा. यात अर्धं सत्य आहे: ई४ आणि डी४ म्हणजेच बुद्धिबळ नव्हे. सी४ आणि घोडा एफ३ जगज्जेतेपदाच्या सामन्यांत खेळल्या गेल्यात, आणि नवशिक्यांचे डाव पहिल्या चालीवर नाही, फुकट दिलेल्या मोहऱ्यांवर ठरतात. वीस चाली नियमात बसतात एवढंच खरं. त्या एकसारख्या आहेत हे कुठून आलं?

भाचीला मी सांगितलं की पाठांतर नको असेल तर बी३ खेळ, किंवा घोडा एफ३, जी३, उंट जी२ करून कॅसलिंग कर. आणि हा मेसेज वाचलेला एखादा समोर बसला आणि जी४ खेळला, तर डी५. त्याने उंट जी२ केला तर जी४वर झडप घालू नको, आधी सी६. मग त्याने एच३ केलं की ई५.